बाभळीखालची माती आणि उघडं रान: कोरडवाहू जमिनीत नत्र आणि विकरं कशी तपासायची

माण-खटावात कुणालाही विचारा, बाभळीखालची माती भारी असते असं सांगतील. आणि लगेच पुढे हेही सांगतील की बाभळीच्या घेरात ज्वारी काही येत नाही. दोन्ही खरं आहे. झाडाखाली नत्र जास्त असतं, पण सावली आणि मुळं तिथलं ऊन आणि पाणी खातात. ज्वारी उपाशी राहत नाही, तहानलेली राहते.

आता हे नत्र किती जास्त, कशामुळे जास्त, आणि त्यातलं पिकाच्या तोंडात जाण्याजोगं किती, हे मोजून बघायचं असेल तर काय करायचं, ते इथे सांगतो. पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा, मुरमाड माळ आणि मध्येच काळ्या मातीची पट्टी असलेला आपला अवर्षणप्रवण भाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. शेतकऱ्याला, प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्याला, पाणलोटाचं काम करणाऱ्या गटाला, कुणालाही जमेल.

आधी दोन शब्द विकरांबद्दल

मातीतलं बहुतेक सगळं नत्र कुजलेल्या काडीकचऱ्यात अडकलेलं असतं. पिकाला ते तसं घेता येत नाही. अमोनियम किंवा नायट्रेट झालं की मग घेता येतं. हे तोडण्याचं काम करतात ती विकरं, म्हणजे एन्झाइम. प्रथिनं तोडणारं प्रोटीएज, युरियाचा अमोनिया करणारं युरीएज, स्फुरद मोकळं करणारं फॉस्फेटेज, काडीतला सेल्युलोज फोडणारं सेल्युलेज. आणि डीहायड्रोजनेज, जे फक्त जिवंत पेशींच्या आत काम करतं. त्यामुळे माती आज किती जिवंत आहे याचा अंदाज त्यावरून येतो.

यातलं युरीएज लक्षात ठेवा. जेम्स समनर यांनी १९२६ साली जॅक बीनच्या दाण्यांतून, म्हणजे आपल्या अबईच्या जातभाईतून, त्याचे स्फटिक काढले. स्फटिकरूपात मिळालेलं ते पहिलं विकर. १९४६ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी. मातीत हे युरीएज चिकणमातीच्या कणांना आणि ह्युमसला चिकटून बसतं आणि ज्या जिवाणूने ते बनवलं तो मेल्यावरही टिकून राहतं. म्हणून मे महिन्यातल्या धुळीतही युरीएज सापडतं, आणि डीहायड्रोजनेज मात्र जवळपास शून्यावर गेलेलं असतं. कोरड्या भागात एकच विकर तपासून निष्कर्ष काढू नये, तो यासाठी.

पायरी १: प्रश्न ठरवा, मग टिकाव उचला

"झाडाखालची माती चांगली का?" हा प्रश्न मोजता येत नाही. "माझ्या गट नंबरातल्या बाभळीखाली आणि त्याच उतारावरच्या उघड्या रानात, पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी, वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात नायट्रेट किती वेगळं?" हा मोजता येतो.

आपल्याकडे तुलनेला घेण्याजोगी वनस्पती बरीच आहे. बाभूळ, हिवर, कडुनिंब, बोर, वेडी बाभूळ, बांधावरची गिरिपुष्प, पवन्या-कुसळीचं कुरण, तुरीचं शेत, आणि नांगरून उघडं ठेवलेलं रान. सगळं एकदम घेऊ नका. दोन वनस्पती आणि एक उघडी जागा, एवढं पुरे. शेंगा लागतात म्हणजे मुळांवर नत्राच्या गाठी येतात, असं समजून झाडं निवडू नका. चिंच आणि बहावा दोघंही शेंगवर्गातलेच, पण त्यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. बाभळीला येतात.

पायरी २: जोड्या लावा

सगळा खेळ इथे आहे, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. प्रयोगशाळेत यंत्र चुकलं तर ते कळतं. नमुना चुकीच्या जागेवरून आणला तर कधीच कळत नाही, आकडा झकास येतो.

माझंच सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एका माळावरच्या सहा झाडांखालची माती तपासली. एका कडुनिंबाखाली नत्र बाकीच्यांच्या दुपटीच्या वर निघालं, युरीएजही तसंच चढं. आम्ही खूश. कडुनिंबाच्या पाल्यावर एक परिच्छेदही लिहून झाला. नंतर दुपारी दीडच्या सुमारास त्याच जागी परत गेलो, तर झाडाखाली तीस-पस्तीस शेळ्या दाटीवाटीने बसलेल्या. गुराखी म्हणाला, "साहेब, माझ्या आज्ज्यापासनं आमची दुपार हितंच हुती." लेंड्या आणि मूत, तेही तीन पिढ्यांचं. ते नत्र कडुनिंबाचं नव्हतं, आसपासच्या माळावर चरून शेळ्यांनी तिथे आणून टाकलेलं होतं. मुताबरोबर युरिया येतो, आणि युरिया जिथे सतत पडतो तिथे युरीएज बनवणारे जिवाणू माजतात. परिच्छेद फाडला.

तेव्हापासून झाड निवडताना मी या गोष्टी बघतो. दुपारी तिथे जनावरं बसतात का? गेल्या काही वर्षांत तिथे धनगराची मेंढरं बसवली होती का? जवळ उकिरडा, जुनं घर, पाणंद आहे का? झाड मुळात खोल मातीच्या खळग्यात उगवलंय का? हा शेवटचा प्रश्न फसवा आहे. झाडामुळे माती चांगली झाली की माती चांगली होती म्हणून झाड तगलं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यावर उपाय एकच. झाड आणि उघडी जागा एकाच उतारावर, एकाच रंगाच्या आणि सारख्याच खोलीच्या मातीत असली पाहिजे. माथ्यावरचं उघडं रान आणि पायथ्याचं झाड यांची जोडी लावू नका.

एका जातीची किमान तीन झाडं घ्या, बुंध्याचा घेर साधारण सारखा असलेली. प्रत्येक झाडाची उघडी जागा वेगळी. फांद्यांच्या घेराच्या त्रिज्येच्या तिप्पट तरी अंतर बुंध्यापासून मोजा, कारण बाभळीची मुळं सावलीच्या बरीच बाहेर जातात. पैसे कमी पडत असतील तर झाडाच्या जाती कमी करा, झाडांची संख्या नको. आणि तिन्ही झाडांची माती एका पिशवीत कालवू नका. तसं केलंत तर सरासरी मिळेल, पण झाडाझाडांत किती फरक आहे हे हातचं जाईल, आणि तो फरक कळल्याशिवाय सरासरीला काही अर्थ नाही.

पायरी ३: कधी काढायची

कोरड्या भागात नत्राचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. उन्हाळ्यात उघड्या जमिनीचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या पुढे तापतो आणि सूक्ष्मजीवांचा मोठा हिस्सा मरतो. वळवाने माती भिजली की उरलेले जीव मेलेल्यांवर ताव मारतात आणि काही दिवसांत नायट्रेटचा लोंढा येतो. माती वाळून भिजल्यावर होणाऱ्या या उसळीवर एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेत काम केलं. त्यांचा निबंध १९५८ चा, आणि आजही या उसळीला त्यांचंच नाव आहे.

आपल्याकडची गोम अशी की सोलापूरकडच्या काळ्या रानात पीक रब्बीचं. लोंढा जूनमध्ये, ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधल्या तीन महिन्यांत ते नायट्रेट खाली झिरपतं किंवा पाणी साचलेल्या मातीतून वायू होऊन उडतं. मोजणी करणाऱ्याला याचा अर्थ असा, की एकदाच नमुना काढून भागत नाही. तीन वेळा काढा: मेअखेर कोरड्यात, पहिल्या चांगल्या ओलाव्यानंतर दहा ते पंधरा दिवसांनी, आणि पाऊस संपताना. एकदाच जमत असेल तर दुसरी वेळ धरा. तुलनेच्या सगळ्या जागा एकाच दिवशी उरका. मध्ये एक सर पडून गेली की आकडे जुळत नाहीत.

पायरी ४: काढायची कशी

बुंधा आणि सावलीची कड यांच्या बरोबर मध्यावर, चार दिशांना चार खड्डे. वरचा सुका पाला हाताने बाजूला करा, पण खरवडू नका. टिकावाने इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, पंधरा सेंटिमीटर खोल, आणि खुरप्याने एका बाजूची सारख्या जाडीची काप काढा. चारही खड्ड्यांची माती स्वच्छ घमेल्यात कालवा, गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. खताच्या गोणीवर माती पसरू नका. हे हसण्यावारी नेऊ नका, मी युरियाच्या रिकाम्या गोणीतून आलेले नमुने पाहिलेत.

इथून पुढे माती दोन वाटांनी जाते. एकूण नत्र आणि सेंद्रिय कर्बासाठीचा भाग सावलीत वाळवा. नायट्रेट, अमोनियम आणि विकरांसाठीचा भाग ओलाच, प्लास्टिक पिशवीत, बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात, आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत. ओली माती पिशवीत बांधून गाडीच्या डिकीत ठेवली की ती तिथेच कामाला लागते. दोन दिवसांनी मोजलेलं नायट्रेट शेताचं नसतं, डिकीचं असतं.

पायरी ५: खडे मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. प्रयोगशाळेत २ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेली मातीच तपासली जाते, आणि हेक्टरी किलोचा आकडा काढताना पंधरा सेंटिमीटर थरात सुमारे २२.४ लाख किलो माती आहे असं धरतात. काळ्या रानात हे ठीक. मुरमाड माळावर वजनाने चाळीस टक्के खडेच असतील तर?

समजा अहवालात उपलब्ध नत्र हेक्टरी १८० किलो आलं. खडे ४० टक्के, आणि खाली मुरूम लागेपर्यंत माती दहाच सेंटिमीटर. १८० ला ०.६ ने गुणा, मग १०/१५ ने. ७२ किलो. खडकाळ जमीन घनफळामागे थोडी जड भरते, म्हणून पंचाहत्तर-ऐंशी म्हणा. अहवालाच्या निम्म्याहूनही कमी. झाडाखाली पाल्यामुळे आणि वाऱ्याने अडकलेल्या धुळीमुळे खडे कमी असतात, उघड्यावर जास्त. म्हणजे खडे न मोजता केलेली तुलनासुद्धा वाकडी येते. तेव्हा आणलेली माती चाळण्याआधी आणि चाळल्यावर वजन करा, टक्केवारी पिशवीवर लिहा.

पायरी ६: प्रयोगशाळेत काय मागायचं

नुसतं "नत्र तपासा" म्हणू नका. तीन वेगळी नत्रं आहेत.

एकूण नत्र केल्डाल पद्धतीने काढतात. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ती बसवली. हा झाला साठा. उपलब्ध नत्र आपल्याकडे अल्कधर्मी परमँगनेट पद्धतीने काढतात, ती सुब्बय्या आणि असिजा यांची, १९५६ ची. हेक्टरी २८० किलोच्या खाली कमी, २८० ते ५६० मध्यम, वर भरपूर. हा साठ्यातला सहज फुटणारा भाग. आणि तिसरं खनिज नत्र, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ओल्या मातीतून उतरलेलं अमोनियम आणि नायट्रेट. हे खिशातली रोकड.

काही ठिकाणी उपलब्ध नत्राचा आकडा सेंद्रिय कर्बावरून नुसता हिशेबाने टाकतात. खताच्या शिफारशीला ते चालेल, पण आपल्या कामाला नाही. विचारून घ्या.

विकरांची तपासणी मृद आरोग्य पत्रिकेत नसते. कृषी विद्यापीठाच्या मृद विज्ञान विभागात चौकशी करावी लागते. युरीएज, फॉस्फेटेज आणि डीहायड्रोजनेज ही तीन मागा. डीहायड्रोजनेजसाठी माती टीटीसी नावाच्या बिनरंगी द्रव्याबरोबर ३७ अंशांवर चोवीस तास ठेवतात. जिवंत पेशी त्याचा लाल रंग करतात, तो ४८५ नॅनोमीटरवर मोजतात. वाळवलेली माती या तपासणीला पाठवू नका. मेमधला नमुना असेल तर सगळ्या मात्यांना सारखा ओलावा देऊन आठवडाभर ठेवायला सांगा, आणि ते नोंदवायला सांगा. आकडे कोरड्या मातीच्या ग्रॅममागे हवेत.

पायरी ७: घरची युरीएज चाचणी

प्रयोगशाळा लांब असेल तर हळदीवर भागतं. स्पिरिटमध्ये हळद भिजवा, जाड टिपकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. अमोनियाची वाफ लागली की ओलसर पिवळी पट्टी लालसर तपकिरी होते.

मुरंब्याच्या रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या सारख्याच बाटल्या घ्या. प्रत्येकीत २० ग्रॅम चाळलेली माती. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा आता कुठेही मिळतो. शंभर मिलिलिटर पाण्यात दोन ग्रॅम युरिया विरघळवा, त्यातलं दहा मिलिलिटर मातीवर घाला. पट्टी पाण्याने ओलसर करून झाकणाच्या आतून चिकटवा, मातीला किंवा पाण्याला लागता कामा नये. झाकण लावा आणि घड्याळ लावा. दर अर्ध्या तासाने बघा आणि पट्टी स्पष्ट लाल कधी झाली ती वेळ लिहा. जिथे लवकर, तिथे युरीएज जास्त.

आता याच्या जोडीला दोन बाटल्या लागतातच. एकीत तीच माती, पण युरियाऐवजी साधं पाणी. दुसरीत कुकरमध्ये दोनदा अर्धा-अर्धा तास वाफवलेली आणि मग पसरून गार केलेली माती, युरियासकट. वाफवलेली मातीही इतकीच लवकर लाल झाली तर तुमच्या चाचणीत विकराचा काही संबंध नाही, दुसरंच काही चाललंय.

आणि एक मोठी मेख. काळी माती अमोनियम धरून ठेवते, मुरमाड माती सोडते. त्यामुळे काळ्या मातीत युरीएज जास्त असूनही पट्टी उशिरा लाल होऊ शकते. एकाच प्रकारच्या मातीतली झाडाखालची आणि उघडी, एवढीच तुलना या चाचणीने करा.

हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस बघायची चाचणी शाळांतून दाखवतात. मला ती आवडत नाही. मातीतलं मँगनीजसुद्धा विकराशिवाय फेस काढतं, आणि पोरांना वाटतं जिवाणू उसळले. त्यापेक्षा बिनधुव्या मांजरपाटाचे वीतभर तुकडे वजन करून पाऊस लागल्यावर दहा सेंटिमीटर खोल पुरा आणि सहा आठवड्यांनी काढा. धुऊन, वाळवून परत वजन करा. किती कापड खाल्लं गेलं, त्यावरून सेल्युलोज फोडणाऱ्यांचा जोर कळतो.

पायरी ८: आकडे वाचायचे कसे

पहिला हिशेब साठ्याचा. एकूण नत्र ०.०५ टक्के असेल तर खडे नसलेल्या मातीत हेक्टरी साधारण ११०० किलो होतं. ऐकायला भरपूर, पण वर्षाकाठी त्यातलं एक ते तीन टक्केच सुटतं, म्हणजे दहा ते पस्तीस किलो. ते एक टक्का की तीन टक्के, हे ओलावा आणि विकरं ठरवतात.

दुसरा हिशेब कमी लोक करतात. विकराचा आकडा सेंद्रिय कर्बाने भागा. झाडाखाली विकर दुप्पट आणि कर्बही दुप्पट असेल तर माती वेगळ्या जातीची झालेली नाही, फक्त तिथे खायला जास्त आहे. कर्ब दुप्पट आणि विकर तेवढंच असेल तर काहीतरी कुजणं अडवतंय.

बाभळीखाली असं दिसलं तर टॅनिनकडे बघा. तिच्या सालीत आणि शेंगांत ते भरपूर असतं, चामडं कमवायला साल वापरत ती त्याचसाठी. टॅनिन प्रथिनांना धरतं, आणि विकरं ही शेवटी प्रथिनंच. गिरिपुष्पाचं उलट. वाळलेल्या पाल्यात सुमारे तीन टक्के नत्र, एक टन ओल्या पाल्यातून सहा-सात किलो, आणि ओल असेल तर पाला काही आठवड्यांत विरघळतो. खनिज नत्र झटकन वर जातं आणि तितक्याच लवकर खाली येतं, म्हणून तिथे नमुन्याची तारीख आणि छाटणीची तारीख दोन्ही लिहून ठेवा.

कुरणाची माती बघून विद्यार्थी दरवेळी फसतात. पवन्याच्या ठोंबाखाली नायट्रेट नगण्य येतं आणि ते "माती निकृष्ट" लिहून मोकळे होतात. अहो, गवताची बारीक मुळं नायट्रेट तयार होताच उचलतात, ते पिशवीत येणार कुठून? तिथलं डीहायड्रोजनेज बघा, एकूण नत्र बघा. मात्र कुरण उन्हाळ्यात जाळलेलं असेल तर जळलेल्या गवतातलं बहुतेक नत्र धुरावाटे गेलेलं असतं, आणि वरच्या बोटभर थरातली विकरंही भाजून निघतात. जाळलेलं आणि न जाळलेलं कुरण एका रकान्यात टाकू नका.

कडुनिंबाखाली अमोनियम आणि नायट्रेट वेगवेगळे मोजा. पेंडीतली द्रव्यं अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवतात, देशात २०१५ पासून युरियाला सक्तीने निंबोळी तेलाचा लेप आहे तो याच गुणासाठी. पडलेल्या पाल्या-निंबोळ्यांचा तसाच परिणाम होतो का, हे बेरीज करून टाकलेल्या आकड्यातून कधीच दिसणार नाही.

युरीएज जास्त आलं म्हणून हुरळून जाऊ नका. आपल्या चुनखडीयुक्त, आठच्या वर सामू असलेल्या जमिनीत जास्त युरीएज म्हणजे वर फेकलेला युरिया अमोनिया होऊन लवकर उडणार. झाडाच्या घेरात किंवा बांधाकडेला युरिया द्यायचा झाला तर मातीआड करा, ओल असतानाच. जूनचा लोंढा मोठा दिसला आणि पीक रब्बीचं असेल, तर मधल्या काळात मूग, हुलगा किंवा ताग घेऊन ते नायट्रेट हिरव्या पाल्यात पकडता येतं का, हे पुढच्या वर्षी एका पट्ट्यात करून बघा. तागाची पट्टी आणि शेजारची उघडी पट्टी, पेरणीच्या एक आठवडा आधी दोन्हींचं खनिज नत्र मोजा. पिशव्या तेवढ्या वेगळ्या ठेवा.